प्रत्यारोपणानंतरचा डोळा

अवयव प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या डोळ्यांना तीन बाजूंनी धोका असतो. ज्या आजाराने मूळ अवयव निकामी केला, त्यानेच अनेकदा डोळ्यांचेही नुकसान केलेले असते. नवा अवयव टिकवण्यासाठी रोज घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा डोळ्यांवर थेट परिणाम होतो. त्याच औषधांनी प्रतिकारशक्ती दबल्यामुळे निरोगी माणसाला सहसा न होणारे संसर्ग या रुग्णांना होतात. नेत्रविभागात काम करणाऱ्यांना यात सर्वात अवघड वाटते ती लक्षणांची फसवणूक. लाली, सूज आणि वेदना ही शरीराच्या प्रतिकाराची खूण असते. प्रतिकारच औषधांनी कमी केलेला असल्याने मोठा आजार असतानाही डोळा बराच शांत दिसू शकतो. म्हणून इतर रुग्णांची तपासणी तक्रारीवर चालते, तर प्रत्यारोपणाच्या रुग्णाची वेळापत्रकावर चालवावी लागते.

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातले सानगडी हे किल्ल्याचे आणि धानाचे गाव. येथील मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा रुग्ण मोठ्या उपचारासाठी साकोलीमार्गे नागपूरला जातो. हे अंतर शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्रात लागू झाला. मेंदूमृत दात्यांच्या अवयवांचे वाटप राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत होते. त्यांपैकी नागपूरचे केंद्र विदर्भासाठी आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊ लागले आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेचा समावेश आहे. त्यामुळे प्रत्यारोपण झालेला माणूस आता केवळ शहरात भेटतो असे राहिलेले नाही. तो गावी परततो, जमेल तशी शेती पाहतो आणि डोळा दुखला की आधी गावातल्या मेडिकलमध्ये किंवा आरोग्य केंद्रात जातो. तिथे त्याची फाईल नसते. त्याच्या पिशवीतल्या गोळ्या हाच त्याचा इतिहास असतो.

डोळ्यांचे प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीपासूनचे असतात. मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब, आणि दोन्ही डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचा पडदा तपासला की रक्तस्राव, पिवळसर स्राव आणि कापसासारखे पांढरे डाग अनेकदा एकत्रच दिसतात. रक्तातले कॅल्शियम आणि फॉस्फरस बिघडले की बुबुळाच्या कडेला आणि पांढऱ्या भागावर चुन्यासारखे कण साचतात. डोळा लाल होतो, खुपतो, आणि बाहेरून पाहणारा त्याला 'डोळे आले' समजून बसतो. प्रत्यारोपण यशस्वी झाल्यावर रक्तदाब अनेकदा आटोक्यात येतो आणि त्यामुळे आलेली पडद्याची सूज बरीच उतरते. मधुमेहाने झालेली हानी मात्र नव्या मूत्रपिंडाने भरून येत नाही. लेझर किंवा डोळ्यातले इंजेक्शन लागणार असेल, तर ते प्रत्यारोपणाची तारीख येण्याआधी उरकणे सोयीचे ठरते, कारण नंतरच्या पहिल्या महिन्यांत रुग्णाचे सारे लक्ष नव्या अवयवाकडे लागलेले असते.

पूर्व विदर्भात यात सिकलसेलची भर पडते. या आजारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात. मूत्रपिंड आणि डोळ्याचा पडदा या दोन्ही जागी अशा वाहिन्यांचे जाळे असल्याने दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. पडद्याच्या कडेला नव्या, कमकुवत वाहिन्या फुटतात. मधली नजर चांगली असल्याने रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. बाहुली मोठी करून कडेपर्यंत पाहिल्याशिवाय हे सापडत नाही.

काही आनुवंशिक आजारांत नवा अवयव आणि जुना डोळा यांतला फरक स्पष्ट दिसतो. सिस्टिनोसिसमध्ये सिस्टिनचे स्फटिक मूत्रपिंडात आणि बुबुळात साचतात. नव्या मूत्रपिंडाच्या पेशी दात्याच्या असल्याने तिथे आजार परतत नाही, पण बुबुळाच्या पेशी रुग्णाच्याच असल्याने स्फटिक साचत राहतात आणि उजेड सहन होत नाही. विल्सनच्या आजारात उलटे घडते. यकृत तांबे बाहेर टाकू शकत नाही म्हणून बुबुळाच्या कडेला सोनेरी-तपकिरी वलय तयार होते. यकृत बदलले की दोष मुळातूनच जातो आणि ते वलय हळूहळू फिकट होत जाऊ शकते.

प्रत्यारोपणानंतर औषधांचा काळ सुरू होतो. १९५४ साली बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या पथकाने केलेले पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधले होते, त्यामुळे तिथे शरीराने अवयव नाकारण्याचा प्रश्न आला नाही. इतर सर्व रुग्णांना तो नकार औषधांनी रोखावा लागतो. सुरुवातीच्या दशकांत त्यासाठी स्टिरॉइडचे मोठे डोस दिले जात. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि पुढे टॅक्रोलिमस आल्यावर स्टिरॉइडचे प्रमाण खाली आले. आज मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या पिशवीत बहुधा तीन औषधे असतात : बारा तासांच्या अंतराने घ्यायची टॅक्रोलिमसची कॅप्सूल, मायकोफेनोलेट आणि सकाळची प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी. डोस कमी झाले तरी वर्षे वाढली आहेत, आणि डोळ्याला एकूण मिळालेल्या स्टिरॉइडचा हिशेब लागतोच.

स्टिरॉइडचा सर्वात नेहमीचा परिणाम म्हणजे मोतीबिंदू. वयोमानाचा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या गाभ्यात किंवा कडेने सुरू होतो. स्टिरॉइडचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या आवरणाला लागून, अगदी मधोमध तयार होतो. स्लिट लॅम्पच्या प्रकाशात तो साखरेच्या कणांसारख्या खरखरीत थरासारखा दिसतो. जागा मधली असल्याने त्याची तक्रारही वेगळी असते. उन्हात बाहुली बारीक होते आणि नजरेची सारी वाट नेमकी त्या डागातून जाते. असा रुग्ण सांगतो की घरात, संध्याकाळी बरे दिसते, पण दुपारी बांधीवर गेले की सगळे पांढरे होते, समोरून येणारी गाडी ओळखू येत नाही. वाचताना बाहुली आपोआप लहान होते, म्हणून जवळचेही लवकर जाते. अंधाऱ्या खोलीत तक्त्यावरची अक्षरे तो नीट वाचतो आणि तपासणारा 'नजर ठीक आहे' असे लिहून मोकळा होतो. खिडकी उघडून किंवा डोळ्यावर टॉर्च धरून तीच अक्षरे वाचायला लावली, की तक्रार खरी असल्याचे लगेच कळते. चाळिशीच्या आतल्या माणसालाही हा मोतीबिंदू होतो. 'या वयात मोतीबिंदू कसा' हा घरच्यांचा प्रश्न स्वाभाविक असतो आणि उत्तर गोळ्यांच्या पिशवीत असते. मात्र त्या उत्तराचा अर्थ गोळी बंद करणे असा होत नाही. मोतीबिंदू काढता येतो, पण गोळी थांबवून गमावलेले मूत्रपिंड परत मिळत नाही.

दुसरा परिणाम काचबिंदूचा. डोळ्यातले पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जाते, तिची वाट स्टिरॉइडमुळे अडते आणि दाब वाढतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर (पारा) हा दाबाचा नेहमीचा पल्ला. दाब वाढला तरी डोळा दुखत नाही, लाल होत नाही, मधली नजरही जात नाही. कडेची नजर मात्र कमी होत जाते, आणि रुग्णाच्या लक्षात येईपर्यंत दृष्टीची नस वाळलेली असते. गेलेली नस परत येत नाही. दाब मोजायला काही मिनिटे पुरतात, पण तो मोजण्याचे कोणाच्या मनात आले पाहिजे. मुलांच्या बाबतीत तर हे आणखी आवश्यक, कारण ती तक्रारच करत नाहीत.

तिसरा परिणाम पडद्याच्या मध्यभागी दिसतो. पडद्याखाली पाण्याचा फुगा साचतो आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. दाराची चौकट वाकडी दिसते, समोरच्याच्या चेहऱ्याच्या मधोमध राखाडी ठिपका येतो. इतर ठिकाणी डोळ्याच्या सुजेवर स्टिरॉइड देतात. इथे त्यानेच फुगा वाढतो. निदान न करता 'सूज आहे' म्हणून स्टिरॉइड दिले, तर नजर आणखी घटते.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन यांचे डोळ्यांवरचे परिणाम तुलनेने विरळ, पण गंभीर असू शकतात. रक्तदाब वाढून, डोके दुखून, कधी झटका येऊन अचानक दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले, आणि तपासणीत बाहुल्या व पडदे दोन्ही ठीक निघाले, तर दोष मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात असतो. एमआरआयमध्ये तिथली सूज दिसते. रक्तदाब उतरवून आणि औषध बदलून किंवा कमी करून बहुतेकांची दृष्टी परत येते. सायक्लोस्पोरिनने पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात. त्याने नुकसान होत नाही, केस डोळ्यात वळले तरच ते काढावे लागतात.

संसर्गांचा क्रम काळानुसार बदलतो. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेशी, नळ्यांशी आणि रुग्णालयाशी जोडलेले जंतू त्रास देतात. रक्तातून डोळ्यात पोचणारी कॅन्डिडा बुरशी त्यांतलीच एक. एक ते सहा महिन्यांचा काळ प्रतिकारशक्ती सर्वात दबलेली असल्याचा. सायटोमेगॅलो विषाणू याच काळात डोके वर काढतो. भारतातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो आधीपासून झोपलेला असतो. पडद्यावर त्याची खूण ठळक असते : वाहिन्यांच्या कडेने पांढरे, मृत पट्टे आणि त्यांत मिसळलेला रक्तस्राव. रुग्णाला मात्र थोडे काळे ठिपके तरंगताना दिसतात एवढेच, डोळा पांढरा आणि शांत असतो. गॅनसायक्लोव्हिर शिरेतून किंवा डोळ्यात, आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर तोंडावाटे देऊन आजार आवरता येतो. बरा झालेला पडदा विरविरीत होऊन पुढे सुटू शकतो, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते.

नागीण कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर उठली तर डोळा धोक्यात आहे असे धरून चालावे, कारण नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा आतला भाग यांना एकाच मज्जातंतूची शाखा जाते. विषाणूविरोधी औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोग होतो. झाडपाल्याचा लेप लावून आणि मंत्रून घेऊन नागीण उतरण्याची वाट पाहण्याची खेड्यातली पद्धत या रुग्णाला परवडत नाही. काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर विदर्भाने ती जवळून पाहिली. प्रत्यारोपणाच्या औषधांबरोबर मधुमेह असेल तर तिचा धोका कायम असतो. गाल बधिर होणे, नाकातून काळपट स्राव, पापणी सुजून खाली येणे, एकाचे दोन दिसणे ही तिची लक्षणे. तिथे एक दिवसही थांबता येत नाही. ॲम्फोटेरिसिन हे तिचे मुख्य औषध मूत्रपिंडाला जड जाते, म्हणून प्रत्यारोपित मूत्रपिंड असेल तेव्हा त्याचा लायपोसोमल प्रकार पसंत करतात.

क्षयरोगाचा विचार भारतातल्या प्रत्यारोपण रुग्णात नेहमीच मनात ठेवावा लागतो. तो डोळ्याच्या रक्तवाहिनी थरात गाठी करतो आणि पडद्याच्या वाहिन्यांनाही सूज आणतो. त्याच्या उपचारात डोळ्यासाठी दोन पेच आहेत. एथॅम्ब्युटॉल मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर ते शरीरात साचून दृष्टीची नस बिघडवते. लाल-हिरव्या रंगांतला फरक कळेनासा होणे ही त्याची सुरुवात असू शकते, आणि रंगतक्त्यावर ती वेळीच सापडते. रिफॅम्पिसिन यकृतातल्या विकरांना चालना देऊन टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने उतरवते. पातळी न मोजता ते चालू ठेवले तर क्षय बरा होत असतानाच मूत्रपिंड नाकारले जाऊ शकते.

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला सर्वात ओळखीचा अपघात धानाच्या पातीचा. कापणीच्या वेळी धारदार पात किंवा लोंबी डोळ्याला घासते, चुरणा म्हणजे मळणी करताना भुसा आणि कुसळ डोळ्यात जाते. हे सगळ्यांनाच होते आणि बहुतेकांचे दोन दिवसांत बरेही होते. प्रतिकारशक्ती दबलेल्या माणसाच्या बुबुळावर त्याच ओरखड्यातून बुरशी रुजते. भारतात शेतातल्या इजेनंतर होणाऱ्या बुबुळाच्या व्रणांत फ्युसॅरियम आणि ॲस्परजिलस या बुरशी वारंवार सापडतात. व्रणाचा रंग राखाडी-पांढरा, पृष्ठभाग कोरडा, कडा पिसासारख्या विरलेल्या, आणि शेजारी लहान वेगळे ठिपके. पुढे डोळ्याच्या आत खाली पू साचतो. पाहणी एवढ्यावर थांबवत नाहीत. बधिर करणारा थेंब टाकून व्रणाच्या कडेचा भाग पात्याने हलकेच खरवडतात, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे फांद्या फुटल्यासारखे दिसले की निदान काही मिनिटांत हाती येते. नॅटामायसिनचे थेंब तासातासाने घालावे लागतात आणि ते आठवड्यांवर चालतात. २०१३ मध्ये दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीत, विशेषतः फ्युसॅरियमवर, नॅटामायसिन हे व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरले.

नुकसान बहुधा या तपासणीपर्यंत येण्याआधीच झालेले असते. पहिल्या दिवशी डोळ्यात दूध, मध किंवा एरंडेल पडते, दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून आणलेले स्टिरॉइडयुक्त थेंब. या थेंबांनी लाली तासाभरात उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतात, आणि खाली बुरशी मोकळी पसरते. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने शेतात चष्मा लावावा, तळ्याच्या किंवा बोडीच्या पाण्याने डोळे धुऊ नयेत, आणि लागले तर त्याच दिवशी दाखवावे, एवढे सांगणे कोणत्याही महाग उपकरणाइतके मोलाचे आहे. गोळ्यांचे वेळापत्रक सांभाळून शेतात उतरणारा माणूस हा सल्ला सहज पाळतो, कारण काळजी घ्यायची सवय त्याला लागलेलीच असते.

डोळ्याच्या डॉक्टरने लिहिलेली साधी चिठ्ठीही या रुग्णात विचार करून लिहावी लागते. डोळा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी दिली, तर टॅक्रोलिमसच्या जोडीने ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते. तिथे पॅरासिटामॉल चालते. फ्लुकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल तोंडावाटे दिले तर टॅक्रोलिमसची पातळी कित्येक पटींनी वाढू शकते. हात थरथरणे ही त्याची एक खूण. क्लॅरिथ्रोमायसिननेही तसेच होते. दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळीने रक्तातले आम्ल वाढते, म्हणून डोस जपून ठरवावा लागतो. नागिणीवरच्या असायक्लोव्हिरचा डोस मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहून ठरतो आणि पाणी पुरेसे प्यायला सांगावे लागते. थेंबांतून शरीरात फारसे औषध जात नाही, त्यामुळे जिथे थेंबांनी भागते तिथे गोळी टाळणे हा सोपा नियम पडतो. गोळी अपरिहार्य असेल, तर प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून ठरवणे हा उपचाराचाच भाग असतो.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया या रुग्णांत सुरक्षित आहे, आणि निकालही चांगले असतात. शक्य असेल तर प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने जाऊ देतात, औषधे स्थिर झाल्यावर तारीख धरतात. शस्त्रक्रियेच्या दिवशी नेहमीच्या गोळ्या चुकवायच्या नसतात, कारण वर्षानुवर्षे बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यावर शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने खेड्यापाड्यांत मोतीबिंदूची शिबिरे रुजवली. शिबिराच्या यादीत साखर आणि रक्तदाब यांची नोंद होते. प्रत्यारोपणाचा प्रश्न यादीत नसेल, तर तो विचारावा लागतो. रुग्ण स्वतःहून सांगेलच असे नाही, कारण त्याच्या लेखी किडनीचा आजार वेगळा आणि डोळ्याचा वेगळा.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे प्रश्न वेगळ्या वळणाचे आहेत. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ही उपचारपद्धती सुरू केली. मूत्रपिंडाच्या रुग्णात शरीर नव्या अवयवाला नाकारते. मज्जेच्या रुग्णात उलटे घडू शकते : दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करतात. अश्रुग्रंथी त्यात सापडते, आणि डोळा इतका कोरडा पडतो की पापणी उघडताना बुबुळ सोलवटते. पापणीच्या आत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात. दहा मिलिमीटरहून कमी भिजली तर अश्रू अपुरे आहेत असा संशय घेतात, पाचाच्या खाली गेल्यास कोरडेपणा गंभीर मानतात. परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रू, अश्रुनलिकेची तोंडे बंद करणे, रुग्णाच्याच रक्तापासून केलेले सिरमचे थेंब आणि पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स असे उपाय क्रमाने करतात.

दीर्घकाळ प्रतिकारशक्ती दबल्याने गाठींचा धोका वाढतो. उन्हात राबणाऱ्याच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या कडेला उठणारी जाड, रक्तवाहिन्यांनी भरलेली पुळी वेल समजून दुर्लक्षू नये. ती पेशींची कर्करोगाकडे जाणारी वाढ असू शकते. पापणीमागे किंवा डोळ्याच्या खोबणीत हळूहळू वाढणारी गाठ लसिकापेशींची असू शकते, आणि तिच्यावरचा पहिला उपाय अनेकदा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा डोस कमी करणे हाच असतो.

या सगळ्याचे वेळापत्रक साधे ठेवता येते. प्रत्यारोपणाआधी एकदा पूर्ण तपासणी : नजर, दाब, बाहुली मोठी करून पडदा, रंगदृष्टी. नंतर पहिल्या तीन महिन्यांत एकदा, सहा महिन्यांनी एकदा, आणि पुढे दरवर्षी. मधुमेह असेल तर पडद्याच्या स्थितीनुसार अधिक वेळा. दाब मोजणे आणि बाहुली मोठी करून पाहणे या दोन गोष्टी कोणत्याही भेटीत सुटू नयेत. उन्हात धूसर दिसणे, चष्म्याचा नंबर बदलणे, डोळे कोरडे वाटणे या तक्रारी साकोलीच्या रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याला दाखवण्यासाठी काही दिवस थांबू शकतात. काळे ठिपके किंवा वीज चमकल्यासारखे दिसणे, रेषा वाकड्या होणे, एकाचे दोन दिसणे, कपाळावर पुरळ, बुबुळावर पांढरा डाग, अचानक नजर जाणे यांतले एक जरी झाले, तरी त्याच दिवशी निघावे लागते, डोळा दुखत असो वा नसो. सोबत गोळ्यांची पिशवी, डिस्चार्ज कार्ड, शेवटचा क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसच्या पातळीचा कागद असावा. गावातल्या आशाताईला हे दोन प्रकार सांगून ठेवले, तर कोणी थांबायचे आणि कोणी नागपूरची गाडी पकडायची हे गावातच ठरते.